स्क्रॅच ज्युनिअर: भरती-ओहोटी जमते, भागाकार जमत नाही

पहिली-दुसरीच्या मुलांना कोडिंग शिकवायचं म्हटलं की बहुतेक शाळांत दोनच प्रकार दिसतात. एक तर आठवड्यातून एकदा वेगळा 'कोडिंगचा तास', नाहीतर मराठीपासून कार्यानुभवापर्यंत जिथे तिथे टॅब. पहिल्यात विषयाशी संबंध राहत नाही, दुसऱ्यात विषयच मागे पडतो. स्क्रॅच ज्युनिअर हे रंगीत ठोकळे (ब्लॉक) एकापुढे एक जोडून पडद्यावरची चित्रं, म्हणजे पात्रं, हलवायचं अ‍ॅप. ते विषयाच्या तासात वापरण्याजोगं आहे, पण मोजक्या धड्यांत. ब्लॉकांचा क्रम किंवा त्यातला आकडा बदलला की धड्याचा अर्थ बदलतो का, एवढं पाहायचं. बदलत असेल तर टॅब काढा, नसेल तर खडू-फळा पुरे.

अमेरिकेतलं टफ्ट्स विद्यापीठ, एमआयटी मीडिया लॅब आणि प्लेफुल इन्व्हेन्शन कंपनी यांनी मिळून हे अ‍ॅप बनवलं. २०१४ मध्ये ते आयपॅडवर आलं, नंतर अँड्रॉइडवर. वयोगट ५ ते ७. फुकट आहे, जाहिराती नाहीत, खातं उघडावं लागत नाही. एकदा उतरवून घेतलं की इंटरनेट लागत नाही. रेंजसाठी सड्यावर (कातळाच्या पठारावर) चढावं लागतं अशा वाडीवरच्या शाळेला हे एवढं कारणही पुरेसं आहे. ब्लॉकांवर अक्षरं नाहीत, चित्रं आहेत, त्यामुळे नुकती बाराखडी गिरवणारं मूलही अडत नाही. पिवळे ब्लॉक सुरुवात करून देतात, निळे हलवतात, जांभळे बोलणं-दिसणं-लपणं सांभाळतात, हिरवे आवाज, नारिंगी थांबणं आणि पुन्हा करणं, लाल शेवट. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कोडिंग सहावीपासूनच्या टप्प्यात धरलं आहे, म्हणून पहिलीच्या वर्गात 'पोर्शन संपवा'चा तगादा नाही. हा फायदाच.

किनाऱ्यावरच्या शाळेत सगळ्यांत चांगली बसते ती भरती-ओहोटी. नवीन प्रकल्प उघडला की मधोमध मांजर असते. तिच्यावर बोट दाबून धरलं की फुली येते, ती दाबून मांजर काढायची. रंगाच्या पानावर एक रुंद निळी पट्टी काढायची. ही पट्टी म्हणजे पाणी, आणि ती पार्श्वभूमीत नव्हे तर स्वतंत्र पात्र म्हणून काढायची, नाहीतर हलणारच नाही. होडी हे दुसरं पात्र. पाण्याला ब्लॉक लावायचे ते असे: हिरवा झेंडा, वर ३, थांब १०, खाली ३, थांब १०, शेवटी लाल 'कायम चालू'. मग हीच साखळी ओढून डावीकडच्या यादीतल्या होडीच्या चित्रावर सोडली की तिची नक्कल होडीला मिळते. झेंडा दाबला की दोघं एकत्र वर-खाली होतात.

चुका ठरलेल्या असतात. 'थांब'मधला आकडा सेकंदाच्या दहाव्या भागात असतो, म्हणजे १० टाकले तर एक सेकंद. मुलं २ टाकतात आणि पाणी थांबतच नाही म्हणून तक्रार करतात. होडीच्या साखळीतला एखादा 'थांब' गळला तर होडी पाण्याच्या आधी वर जाते. आणि वर ४, खाली ३ असं झालं तर प्रत्येक फेरीला पाणी एक घर (पडद्याच्या जाळीतला एक चौकोन) चढत जातं. ही चूक लगेच दुरुस्त करून देऊ नका. चढलेलं पाणी परत तेवढंच उतरायला हवं, हे पाठ्यपुस्तकातल्या वाक्यापेक्षा गाव बुडताना पाहून जास्त चांगलं कळतं. पुढे उधाणाला (मोठ्या भरतीला) ५ आणि भांगाला (लहान भरतीला) २ असे आकडे टाकायला सांगा. पाण्याच्या दोन आणि होडीच्या दोन अशा चारही जागी आकडा बदलावा लागतो. एखादी जागा राहिली की होडी अधांतरी तरंगते. रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा सुमारे ५० मिनिटं उशिरा येते, ते मात्र या अ‍ॅपमध्ये दाखवायच्या भानगडीत पडू नका. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याचा हिशोब मुलांनी घरी आजोबांना विचारून यावा, तो जास्त उपयोगी.

गणितात मंचाची, म्हणजे पात्रं हलतात त्या चौकटीची, जाळी कामाला येते. चौकोनाच्या खुणेचं बटण दाबलं की आडवी २० आणि उभी १५ घरं दिसतात. मासा पहिल्या घरात ठेवून 'उजवीकडे ३', 'उजवीकडे ४' जोडलं की ३ + ४. पण मासा थांबतो आठव्या घरात, सातव्या नव्हे, कारण जाळीची मोजणी १ पासून सुरू होते, तिथे शून्य नाही. शिक्षकाला हे आधी माहीत नसेल तर अख्खा तास गोंधळात जातो. उपाय म्हणजे पार्श्वभूमीवर ० पासूनची संख्यारेषा स्वतः रंगवणं, किंवा घराचा आकडा न वाचता ओलांडलेली घरं मोजायला लावणं. दुसरी अडचण: मासा विसाव्या घरापुढे गेला की डाव्या कडेने पुन्हा आत येतो. म्हणून बेरीज १९ च्या आत ठेवा. गुणाकाराला हे साधन फारच चांगलं आहे. 'पुन्हा ४' च्या पोटात 'उजवीकडे ३', आणि 'पुन्हा ३' च्या पोटात 'उजवीकडे ४': दोन मासे एकाच घरात पोचतात, वाटेतल्या उड्या वेगळ्या. भागाकाराला काही नाही. बाकी ठेवायला जागा नाही, 'जर-तर' नाही, आकडा साठवून ठेवायची सोय नाही. ओढूनताणून करू नका.

घड्याळासाठी वळण्याचा ब्लॉक: १ म्हणजे ३० अंश, १२ म्हणजे पूर्ण फेरी. तासकाट्याला अगदी मापात. फक्त पात्र स्वतःच्या मध्याभोवती फिरतं, त्यामुळे नुसता काटा काढला तर तो घड्याळासारखा न फिरता पंख्याच्या पात्यासारखा फिरतो. एक वर्तुळ काढून त्याच्या मध्यापासून कडेपर्यंत काटा ओढा आणि तबकडीवरचे आकडे पार्श्वभूमीत लिहा.

एका प्रकल्पात चारच पानं मिळतात. सुरुवातीला हे कमी वाटतं, पण भातशेतीच्या धड्यात ही मर्यादाच उपयोगी पडते. पेरणी, चिखलणी, लावणी, कापणी, झोडणी यांतलं काय जोडायचं आणि काय गाळायचं यावर मुलं भांडतात, आणि ते भांडण म्हणजेच धडा. तरवा (भाताची रोपं) काढण्याआधी लावणी आली तर वर्गातलं कुणीतरी ओरडतंच. पुढच्या पानावर नेणारा लाल ब्लॉक दुसरं पान उघडल्याशिवाय दिसत नाही. तो एकाच पात्राला द्या, ज्याचं काम सगळ्यांत उशिरा संपतं त्याला. सगळ्या साखळ्या एकाच वेळी धावतात, त्यामुळे बैलाला तो ब्लॉक दिला तर शेतकऱ्याचं वाक्य अर्ध्यावर तुटतं.

वेळास-आंजर्ल्याच्या बाजूला कासवाचा प्रकल्प हमखास होतो. पिल्लू वाळूत हळू, पाण्यात भरभर, असा फरक दाखवायला नारिंगी वेगाचा ब्लॉक आहे, त्यात तीन टप्पे. लाटेला टेकलं की पिल्लू लपलं, एवढं टक्करीच्या पिवळ्या ब्लॉकवर होतं. सुरुवातीलाच दोन चित्रं एकमेकांवर चढलेली नकोत.

भाषेच्या तासात 'बोल' ब्लॉकमध्ये मराठी टाइप करण्यापेक्षा आवाज भरून घ्या. पहिलीतलं मूल जोडाक्षर शोधत बसतं आणि गोष्ट विसरतं. आवाजात मात्र मालवणीही बिनधास्त येते. पत्र्याच्या छपराखाली जून-जुलैत आवाज भरायला जाऊ नका, पावसाशिवाय काही ऐकू येत नाही. शुद्धलेखनासाठी हे अ‍ॅप म्हणजे निव्वळ सजावट. एक बारीक गोष्ट: पात्र डावीकडे निघालं की चित्र आरशातल्यासारखं पलटतं, म्हणून होडीवर नाव रंगवलं असेल तर ते उलटं दिसतं. बंदराकडे परतणारी होडी दाखवायची असेल तर बिननावाची काढा.

मोबाइलच्या पडद्यावर ब्लॉक फार लहान होतात, टॅबच हवा. दोघांत एक टॅब चांगला चालतो: एकाने ओढायचं, दुसऱ्याने सांगायचं, दहा मिनिटांनी अदलाबदल. तिघं झाले की तिसरा खिडकीबाहेर बघतो. दमट हवेत घामेजल्या बोटांनी ब्लॉक नीट ओढला जात नाही, रुमाल जवळ असू द्या. पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नसतो, चार्जिंग आदल्या दिवशीच उरका. टॅब उघडण्याआधी रंगीत पुठ्ठ्याचे ब्लॉक कापून पडवीत फरशांवर एक मूल चालवून पाहिलं तर पुढचे निम्मे प्रश्न तिथेच सुटतात. फरशी म्हणजे एक घर.

पहिली-दुसरीला निर्धास्तपणे घ्या. तिसरीत निम्मी मुलं 'गुण मोजणारा खेळ करूया' म्हणू लागतात, आणि तो इथे होत नाही. त्यांना मोठ्या स्क्रॅचकडे, म्हणजे मोठ्या मुलांसाठीच्या मूळ स्क्रॅचकडे सोडा. चौथीत हेच चालू ठेवणं म्हणजे वेळ काढणं.

काम साठतं ते त्याच टॅबमध्ये, दुसरीकडे कुठेही नाही. अ‍ॅप काढून पुन्हा टाकलं तर सगळे प्रकल्प गेले. म्हणून प्रत्येक प्रकल्पाला वरच्या उजव्या कोपऱ्यातला पिवळा भाग दाबून मुलाचं नाव द्या, आणि टॅब दुरुस्तीला किंवा दुसऱ्या शाळेत पाठवण्याआधी तिथूनच प्रकल्प ईमेलने बाहेर काढून ठेवा.