28 खणांची गोळ्यांची डबी: कोलायटिस, क्रोन्सच्या रुग्णांनी घ्यावी का?

कोलायटिस आणि क्रोन्स हे आतड्याला सूज आणणारे जुनाट आजार. डबी जरूर घ्यावी, पण मेथोट्रेक्सेट (प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी) तिच्यात भरू नये. सात दिवस, दिवसाला चार खण. रोजच्या गोळ्यांसाठी ही डबी चोख आहे. सकाळचा खण रिकामा दिसला की गोळी घेतलेली आहे हे कळतं, शंका येऊन दुसऱ्यांदा घेतली जात नाही.

खणांचं माप आधी बघा. मेसालामाइन या आतड्याची सूज उतरवणाऱ्या औषधाची 1.2 ग्रॅमची गोळी लांबट असते; 4.8 ग्रॅम एकदम घेणाऱ्याच्या चार गोळ्या छोट्या खणात मावत नाहीत. मावत नाही म्हणून ती तोडायची नाही, औषध आतड्यात पोचेपर्यंत वरचं आवरण शाबूत राहायला हवं. झाकणांवर वारांची इंग्रजी आद्याक्षरं असतील तर दोन 'टी' आणि दोन 'एस' येतात, आणि मंगळवारी गुरुवारचा खण उघडला जातो. मराठीत वार लिहून पट्ट्या चिकटवा.

प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड 40 मिग्रॅवरून दर आठवड्याला 5 ने उतरवायचं असेल, तर एका वेळी एकच आठवडा भरा. 35 म्हणजे 20, 10 आणि 5 ची एकेक गोळी. नाव एकच, ताकद वेगळी. घोळ इथेच होतो.

आता मेथोट्रेक्सेट. क्रोन्समध्ये ते आठवड्यातून एकदाच असतं. 15 मिग्रॅ म्हणजे 2.5 च्या सहा गोळ्या. ही गोळी आणि सोबत देतात ती फोलिक ॲसिड या जीवनसत्त्वाची गोळी, दोन्ही बऱ्याचदा बारीक आणि पिवळ्या. स्ट्रिपमधून काढल्यावर कुठली कुठली ते ओळखू येत नाही, आणि घरचं माणूस मेथोट्रेक्सेट रोजच्या खणात टाकतं. मग तोंड येतं, जुलाब होतात, ताप भरतो. सगळ्यांना वाटतं आजारच उसळला, आणि गोळी चालूच राहते. तोवर रक्तातल्या पेशी घसरतात; यात माणसं दगावतात. चूक लक्षात येताच, त्रास नसला तरी, स्ट्रिप घेऊन त्याच दिवशी रुग्णालय गाठा. तिथे उतारा म्हणून फोलिनिक ॲसिड देतात, ते जितक्या लवकर तितकं बरं. घरातलं फोलिक ॲसिड त्याच्या जागी चालत नाही. मेथोट्रेक्सेट मूळ पाकिटातच ठेवा, पाकिटावर वार लिहा.

जुलाब थांबवणारी लोपेरामाइडची गोळीही डबीबाहेरच ठेवा. 2 मिग्रॅच्या गोळीची दिवसाची कमाल मर्यादा 16 मिग्रॅ. जुलाब थांबेनात म्हणून त्यापुढे गेलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. तीव्र कोलायटिसमध्ये तर ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये, मोठं आतडं फुगून जिवावर बेतू शकतं.

झाकणं लहान मुलांनाही सहज उघडतात. डबी कुलपात ठेवा.