कुंपण की पट्टा? चराईच्या संशोधनासाठी काय निवडावं

पुरंदर-बारामतीकडच्या माळरानांवर पीएचडी करायला निघालेल्या एका मुलीनं विचारलं: चराई रोखणारे कुंपणाचे चौकोन करू, की मेंढ्यांना जीपीएस पट्टे बांधू?

खर्चात फारसं डावं-उजवं नाही. कुंपणाची तार चोरीला जाते, पट्टे झुडपात तुटतात. बॅटरीबद्दल कंपनी काय सांगते ते सोडून द्या, दोन दिवस स्वतः बांधून बघा. कळप एकत्रच हिंडतो, त्यामुळे दोन-तीन पट्टे पुरतात.

खरा प्रश्न वेळेचा. कुंपणाआत-बाहेरचं गवत पावसाळा सरताना कापायचं, वाळवायचं, तोलायचं. पण या भागात एका वर्षीचा पाऊस दुसऱ्या वर्षी पडेलच असं नाही. कुसळी हे टोकदार कुसळांचं गवत वाढलं ते चराईमुळे की पाऊस दगा देऊन गेल्यामुळे, हे दोन-तीन हंगामांत कळत नाही. शिवाय कुंपण फक्त ‘चरलं’ आणि ‘अजिबात नाही चरलं’ एवढंच दाखवतं. धनगर तसे चारतच नाहीत! दिवाळीनंतर बरेच वाडे, म्हणजे कळपासह फिरणारे मेंढपाळ कुटुंबांचे गट, कोकणाकडे उतरतात, पावसाच्या तोंडावर परततात. मधल्या काळात माळाला विसावा मिळतो, आणि अभ्यासायला हवी ती ही लय.

ही लय जीपीएस पट्ट्याच्या नोंदींत दिसते. मात्र मेंढीनं मारवेल गवत खाल्लं की बोराचा पाला, हे पट्टा सांगत नाही. त्यासाठी कळपामागे चालावं लागतं, आणि आधी मेंढपाळाची परवानगी.

तीन-चार वर्षांची फेलोशिप असेल तर पट्टे घ्या. संस्थेकडे राखीव जमीन आणि दहा-पंधरा वर्षं नोंदी ठेवणारी माणसं असतील, तर कुंपण.