सीएसव्ही फाइल डबल-क्लिकवर कशात उघडावी: एक्सेल, कॅल्क की नोटपॅड?

रावेर तालुक्यातल्या आमच्या गावात केळीवाल्यांच्या याद्या वर्षभर फिरत असतात. ठिबकचं अनुदान, फळपीक विमा, वादळाने बाग आडवी झाली की पंचनामा, प्रत्येक कामाची यादी वेगळी. मी ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान चालवतो, त्यामुळे यातल्या बऱ्याच याद्या माझ्या हाताखालून जातात. पोर्टलवरून उतरवलेली यादी बहुतेक वेळा सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल, असते, आणि कॉम्प्युटरवर एमएस ऑफिस असेल तर ती डबल-क्लिकसरशी एक्सेलमध्ये उघडते. बहुतेक जण ते तसंच राहू देतात. ते बदलावं का, आणि बदलायचं तर कशात, हे ठरवणाऱ्यांसाठी हे लिहितोय.

आधी माझ्याकडे काय घडलं ते सांगतो. एका शेतकरी गटाची यादी आली होती. एकाचा मोबाइल नंबर तेवढा दुरुस्त करायचा होता. एक्सेलमध्ये उघडली, नंबर बदलला, कंट्रोल-एस दाबलं, पाठवून दिली. चार दिवसांनी एक आप्पा दुकानात आले. त्यांच्या जमिनीचा गट नंबर १२/२. यादीत त्या जागी छापलं होतं १२-फेब्रुवारी. एक्सेलने तिरकी रेघ बघितली आणि तारीख समजून टाकली. खाली २५/४० वगैरे गट जसेच्या तसे होते, कारण त्यांची तारीख होत नाही, म्हणून वरवर चाळताना माझ्या लक्षात आलं नव्हतं. मग खाते क्रमांक तपासले. शून्याने सुरू होणाऱ्यांचं शून्य गळालं होतं. १६ आकडी क्रमांकांचे शेवटचे आकडेही गेले होते, कारण एक्सेल कोणत्याही संख्येचे १५च आकडे धरून ठेवतं. पुढच्यांचं शून्य करतं. अनुदान ज्या खात्यावर जायचं, तोच नंबर चुकीचा. ती यादी पुन्हा उतरवून, एकेक ओळ पासबुकाशी ताडून दिली, तेव्हा जिवात जीव आला.

एक्सेल इतकं का बिघडवतं? सीएसव्ही म्हणजे साधा मजकूर, मध्ये स्वल्पविराम. कोणता रकाना आकडा, कोणता तारीख, हे फाइलमध्ये लिहिलेलं नसतं. डबल-क्लिक केल्यावर एक्सेल सहसा विचारत नाही, स्वतःच ठरवतं. आधारसारखा १२ आकडी नंबर १.२३ई+११ असा दिसतो. तो आतमध्ये शाबूत असतो, पण त्याच अवस्थेत सीएसव्ही म्हणून सेव्ह केलं की जे पडद्यावर दिसतं तेच फाइलमध्ये जातं, मग मूळ नंबर परत मिळत नाही. मराठीचं दुखणं वेगळंच. फाइल यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे मराठीसह सगळ्या लिप्या साठवायच्या पद्धतीत असेल, पण सुरुवातीला तशी खूण नसेल, तर एक्सेल नावांच्या जागी टोपीवाली परकी अक्षरं दाखवतं. एकदा एका आजोबांनी पडद्यात डोकावून विचारलं होतं, ‘मन्हं नाव कोठे शे?’ दाखवायला तिथे नाव नव्हतंच.

एक्सेलला सरळ आणायची वाट आहे, ती नाकारत नाही. डेटा टॅबमधून ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ घ्यायचं, फाइल ओरिजिनमध्ये ६५००१ म्हणजे यूटीएफ-८ निवडायचं आणि डेटा टाइप ओळखू नकोस असं सांगायचं. मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये २०२३ पासून सुरुवातीची शून्यं न काढण्याची सोयही सेटिंगमध्ये मिळते. पण डेटा टॅबची वाट डबल-क्लिकची नाही. दुकानात रांग लागलेली असताना हात आपोआप डबल-क्लिकच करतो.

लिबरऑफिसचं कॅल्क, म्हणजे एक्सेलसारखाच रकान्यांचा प्रोग्रॅम, इथे मला पटलं. ते फुकट आहे. सीएसव्हीवर डबल-क्लिक केलं की आधी एक खिडकी समोर येते: अक्षरसंच कोणता, रकाने कशाने वेगळे केलेत, आणि खाली यादीच्या पहिल्या ओळी. अक्षरसंच यूटीएफ-८ ठेवला की नावं तिथेच मराठीत दिसायला लागतात, म्हणजे पुढे जाण्याआधीच खात्री होते. मग खाते क्रमांक आणि गट नंबरच्या रकान्यांवर क्लिक करून प्रकार ‘टेक्स्ट’ करायचा. ही पायरी सोडू नका. ‘स्टँडर्ड’ राहिलं तर सुरुवातीचं शून्य कॅल्कमध्येही गळतं. अनेक रकाने एकदम घ्यायचे तर पहिल्यावर क्लिक करून शिफ्ट दाबून शेवटच्यावर. मिनिटभराचं काम आहे, पण या मिनिटात माणूस यादीकडे बघतो.

नोटपॅड काहीच बदलत नाही, हाच त्याचा गुण. गट नंबर, शून्य, मराठी, सगळं आहे तसं. पण रकाने सरळ दिसत नाहीत, नावानुसार क्रम लावता येत नाही. ज्या कॉम्प्युटरवर याद्या फक्त उतरवायच्या आणि पुढे चढवायच्या, तिथे हेच बरं. नोटपॅडचा आणखी एक उपयोग: ‘सेव्ह ॲज’मध्ये एन्कोडिंग ‘यूटीएफ-८ विथ बीओएम’ (बीओएम म्हणजे वर सांगितलेली सुरुवातीची खूण) निवडून फाइल सेव्ह केली की एक्सेललाही मराठी नीट वाचता येतं. आकड्यांचा घोळ मात्र त्याने सुटत नाही.

आता बदल करायच्या वाटा. फाइलवर राइट-क्लिक, ‘ओपन विथ’, मग ‘चूज अनदर ॲप’. कॅल्क निवडल्यावर विंडोज ११ मध्ये दोन बटणं येतात, ‘ऑलवेज’ आणि ‘जस्ट वन्स’. विंडोज १० मध्ये ‘नेहमी हेच वापर’ अशा अर्थाची चौकट असते, तिच्यात टिक केली तर कायमचं, नाही तर तेवढ्यापुरतं. कॉम्प्युटर सामायिक असेल तर आठवडाभर ‘जस्ट वन्स’ने चालवून बघा, मग कायमचं करा. कॅल्क यादीत दिसलं नाही तर कॉम्प्युटरवरचा प्रोग्रॅम शोधायचा पर्याय घ्या आणि प्रोग्रॅम फाइल्समधल्या लिबरऑफिसच्या ‘प्रोग्रॅम’ फोल्डरमधून ‘एस-कॅल्क’ दाखवा.

दुसरी वाट प्रॉपर्टीजमधली, ‘ओपन्स विथ’समोरचं ‘चेंज’. इथे पुष्कळांची फसगत होते. त्यांना वाटतं, ही एकच फाइल बदलली. खरं तर त्या दिवसापासून सगळ्याच सीएसव्ही त्यात उघडतात.

तिसरी सेटिंग्जमधून: ॲप्स, डिफॉल्ट ॲप्स. विंडोज ११ मध्ये वरच्या चौकटीत टिंब देऊन सीएसव्ही टाइप करून कॅल्क निवडलं की झालं. विंडोज १० मध्ये लांबलचक यादी खाली सरकवत जावं लागतं. तिथलं ‘रिसेट’ बटण मात्र दाबू नका. ते फक्त सीएसव्ही नाही, पीडीएफ, फोटो, गाणी, सगळंच कंपनीच्या मूळ पसंतीवर नेऊन ठेवतं. विंडोज ७ अजून चालवत असाल तर हे सगळं कंट्रोल पॅनेलच्या डिफॉल्ट प्रोग्रॅम्समध्ये आहे. मला विचाराल तर राइट-क्लिकची वाट घ्या, डोळ्यासमोर फाइल असते.

बदलानंतर फाइलचं चिन्ह बदलतं. त्याने घाबरू नका, फाइल आतून तीच असते. आणि ही निवड प्रत्येक युजर अकाउंटची वेगळी असते. दिवसा तुम्ही आणि संध्याकाळी भाचा वेगवेगळ्या अकाउंटवर बसत असाल तर त्याच्या अकाउंटमध्येही करावं लागेल.

एक्सेल काढून टाका असं मी म्हणत नाही. आमच्याकडे एक्सएलएसएक्स, म्हणजे एक्सेलच्या स्वतःच्या फाइली अजूनही एक्सेलमध्येच उघडतात, त्यात रकान्यांचे प्रकार फाइलमध्येच साठवलेले असतात. नुसते रुपये आणि वजनं असतील, जसं जिनिंगच्या काट्यावरचा रोजचा हिशोब, तर सीएसव्हीसुद्धा एक्सेलमध्ये खुशाल उघडा. पण यादीत गट नंबर, खाते क्रमांक किंवा मराठी नाव असेल आणि दुरुस्ती करायची असेल, तर सीएसव्ही कॅल्ककडे द्या. दुरुस्ती नसेल तर नोटपॅडकडे. माझ्या दोन्ही कॉम्प्युटरवर आता असंच आहे: काउंटरवरच्याला कॅल्क, आणि जिथे पोरं नुसत्या फाइली चढवतात त्याला नोटपॅड.