नाताळचं रीथ: सुरूचं की चिंध्यांचं?

भाची विचारतेय, नाताळला दारावर कुठलं रीथ, म्हणजे सजावटीचं गोल कडं, लावू? वसईत खर्चाचा प्रश्नच नाही. दोन्ही जवळजवळ फुकटात होतात.

सुरूच्या झाडाच्या डहाळ्या किनाऱ्यावर पडलेल्याच मिळतात, झाड तोडू नका. तारेचा जुना हँगर गोल वाकवायचा आणि मूठभर जुड्या एकाच दिशेने बांधत जायच्या. प्रत्येक जुडीचं देठ पुढच्या जुडीखाली लपलं पाहिजे. मधे सुरूची खरबरीत बोंडं तारेनेच अडकवायची. तासाभराचं काम, आणि दिसतं अगदी खरं. पण आमच्या उन्हाच्या दारात आठवड्यात तपकिरी पडतं, उंबऱ्यावर रोज केर. 6 जानेवारीच्या तीन राजांच्या सणापर्यंत काही टिकत नाही.

चिंध्या शिंप्याकडून आणायच्या. बोटभर रुंद, वीतभर लांब पट्ट्या कापून कड्यावर गाठी मारायच्या. दोन संध्याकाळी जातात, बोटं दुखतात. टिकतं मात्र वर्षानुवर्षं. एकच खोट: खाऱ्या हवेत हँगर गंजतो. माझ्या पहिल्या रीथवर तांबूस डाग पडले, तेव्हापासून बांबूची कांब वापरते.

घाई असेल, दार सावलीत असेल तर सुरूचं. लहान मुलं मदतीला असतील, दरवर्षी नवं करायचा कंटाळा असेल तर चिंध्या. भाचीचं दार पश्चिमेचं, तिने चिंध्याच घ्याव्यात.