गंगापूर रोडचा रविवार-वर्ग : देव मानणं बुद्धीला धरून आहे का?

आठ रविवार, सकाळी ८ ते १०, फी १,५०० रुपये, त्यातच ६४ पानी स्पायरल टिपणवही. नाशिकला गंगापूर रोडवरच्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये हा वर्ग चालतो. जाहिरातीत ‘आस्तिक विरुद्ध नास्तिक’ असं छापलंय, ते मनावर घेऊ नका. तशी कुस्ती तिथे होत नाही, आणि झाली असती तर पैसे पाण्यात गेले असते.

पहिल्याच तासाला फळ्यावर तीन प्रश्न सुटे केले जातात. देव आहे का? तो आहे असं मानायला पुरेसं कारण आहे का? आणि मानल्याने काही फायदा होतो का? या विषयावरची निम्मी भांडणं दुसऱ्या प्रश्नाला तिसऱ्याचं उत्तर दिल्यामुळे होतात. ‘नवस बोलला की मनाला उभारी येते’ हे खरं असलं तरी दुसरा प्रश्न जागच्या जागीच राहतो. विरुद्ध बाजूही अशीच घसरते. ‘भीतीपोटी माणसाने देव निर्माण केला’ हे विश्वासाचं मूळ झालं. त्याने विश्वास खोटा ठरत नाही. मग न्यायदर्शनातले, म्हणजे आपल्याकडच्या तर्कपरंपरेतले, चर्चेचे तीन प्रकार येतात: सत्य शोधायचा तो वाद, जिंकायचं तो जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता समोरच्याची फक्त मोडायची ती वितंडा. कुणी भरकटलं की शिक्षक फळ्यावरच्या त्या शब्दावर बोट ठेवतात. एवढ्याने हॉल शांत होतो, हे या वर्गाचं मोठं यश.

खरा माल दुसऱ्या-तिसऱ्या रविवारी. न्यायदर्शनातल्या उदयनाचार्यांच्या ‘न्यायकुसुमांजली’तला ईश्वर सिद्ध करणारा युक्तिवाद पंचावयवी, म्हणजे पाच पायऱ्यांच्या, मांडणीत लिहून घेतात. प्रतिज्ञा: पृथ्वी वगैरे सकर्तृक आहे, म्हणजे तिला कर्ता आहे. हेतू: कारण ती कार्य, म्हणजे घडलेली वस्तू, आहे. उदाहरण: जे जे कार्य ते ते सकर्तृक, जसा घट. मग उपनय (तो नियम पृथ्वीला लावणं), निगमन (निष्कर्ष). आता मोडायचं कुठे? नवखा माणूस लगेच म्हणतो, ‘रानातला अंकुर बघा, त्याला कुठे कर्ता आहे?’ हा वार फुकट जातो. कर्ता आहे की नाही हाच वाद असलेल्या गोष्टींत अंकुरही बसतो; तो पक्षातच मोडतो, त्यामुळे त्याच्यावरून व्यभिचार, म्हणजे नियमाला अपवाद, दाखवता येत नाही. नेम धरायचा तो उपाधीवर, म्हणजे नियमामागे लपलेल्या अटीवर. घट केवळ कार्य आहे म्हणून त्याला कर्ता आहे, की तो शरीर असलेल्या कुणीतरी घडवलाय म्हणून? ‘शरीरजन्यत्व’ ही उपाधी कर्ता दिसतो तिथे सगळीकडे सापडते, पण प्रत्येक कार्यात सापडत नाही. ती टिकली तर व्याप्ती, म्हणजे ‘जे कार्य ते सकर्तृक’ हा नियम, सैल पडते. नैयायिक (न्यायदर्शनवाला) उलटून म्हणतो की ‘शरीराने अजन्य, म्हणून कर्ता नाही’ यात ‘शरीर’ हे विशेषण फालतू आहे, ‘अजन्य’ एवढंच म्हटलं तरी काम भागतं. इथपर्यंत पोचलात तर फी वसूल. दुर्दैव असं की टिपणवहीत उपाधीचं पानच नाही. फळ्यावरून उतरवून घ्या, नाहीतर घरी गेल्यावर युक्तिवाद अभेद्य वाटेल.

देवाच्या कल्पनेतूनच त्याचं अस्तित्व सिद्ध करणारा अँसेल्म आणि ते खोडणारा कांट एका सकाळी उरकले जातात. अस्तित्व हा गुण धरावा का, एवढा मुद्दा पकडला तरी पुरे.

पास्कलची पैज पाचव्या रविवारी. दोन ओळी, दोन रकाने: देव मानला, नाही मानला, तो आहे, तो नाही. ‘मानला आणि आहे’ या चौकटीत अनंत लाभ, म्हणून मानण्यातच शहाणपण. टिपणवहीतला तक्ता इथेच थांबतो, हे मोठं न्यून. ‘कुठला देव?’ हे विचारलं की ओळी वाढत जातात, हा आक्षेप तोंडी तरी सांगितला जातो. दुसरा तेवढाही येत नाही: अनंताला कितीही लहान शक्यतेने गुणलं तरी अनंतच उरतं, मग नाणं उडवून ठरवलं तरी अपेक्षित लाभ तेवढाच. तिसरा आक्षेप खास आपल्याकडचा, आणि तो एका सहभागीने चिठ्ठीवर लिहून विचारला म्हणून कळला. पुण्य संपलं की स्वर्गातून परत यावंच लागतं, असं गीता सांगते. नरकही सहसा कायमचा नसतो. मग तक्त्यात अनंत येणार कुठून? मोक्ष धरला तर येईल, पण तो नुसत्या मानण्याने मिळतो असं म्हणणारे थोडेच. नरक कायमचाही असतो असं मानणारे मध्वाचार्य हा अपवाद. शिक्षकांनी ही चिठ्ठी पुढच्या बॅचच्या वहीत घालावी.

क्लिफर्डचा १८७७ चा निबंध (पुराव्याशिवाय मानणं चूकच) आणि जेम्सचा १८९६ चा (कधीकधी ते रास्त), हे सहावं सत्र. दोन्ही निबंध स्वामित्वहक्कातून मोकळे आहेत, नेटवर फुकट मिळतात. आधी वाचूनच जा. क्लिफर्डचा जहाजमालक डागडुजी टाळून, जहाज भक्कमच आहे अशी मनाची समजूत घालतो आणि जहाज बुडतं. वर्गात गोष्ट इथेच संपवतात. निबंधाचा दम पुढे आहे: जहाज सुखरूप पोचलं असतं तरी तो तितकाच दोषी. जेम्सचं तर फारच स्वस्तात वाटप होतं. पर्याय जिवंत हवा, अटळ हवा, महत्त्वाचा हवा, या तीन अटी सगळे पाठ म्हणतात. पुराव्याने निकाल लागूच शकत नसेल तरच मनाचा कौल घ्या, ही मुख्य अट विसरतात. म्हणून ‘त्र्यंबकला कालसर्प शांती केली की लग्न जमतं’ यालाही जेम्सचा आधार काढला गेला. लग्नं जमली की नाही, हे मोजता येतं. तिथे जेम्स कामाचा नाही.

अमेरिकी तत्त्वज्ञ प्लँटिंगाचं सत्र सर्वांत कच्चं. स्मृतीवरचा विश्वास जसा पुराव्याशिवाय रास्त, तसा देवावरचाही असू शकतो, असं त्याचं म्हणणं. मग वाट्टेल तो विश्वास, अगदी ‘हॅलोविनला महाभोपळा येतो’ हासुद्धा, रास्त ठरेल, हा भोपळ्याचा आक्षेप त्याने १९८३ च्या निबंधात स्वतःच उचलून त्याला उत्तरही दिलंय. वर्गात तो हशा पिकवून सोडून दिला. शिवाय घरचा दुवा हुकला: बाधक, म्हणजे खोडून काढणारं, ज्ञान येईपर्यंत किंवा कारणात दोष सापडेपर्यंत ज्ञान स्वतःच प्रमाण, हे मीमांसा दर्शनातल्या कुमारिलांचं स्वतःप्रामाण्य प्लँटिंगाच्या फार जवळचं आहे. आणि त्याच आधारावर वेद प्रमाण मानणारे कुमारिल जगाचा कर्ता मात्र नाकारतात! उदयनानंतर हे सांगितलं असतं तर अर्धा वर्ग ताठ बसला असता.

शेवटच्या सत्रात आगरकरांपासून दाभोलकरांपर्यंत धावपळ आहे. नाशिकमध्ये बसून २ मार्च १९३० चा काळाराम सत्याग्रह आणि १३ ऑक्टोबर १९३५ ची आंबेडकरांची येवल्याची धर्मांतराची घोषणा दोन वाक्यांत गुंडाळणं मात्र पटत नाही. धर्माला बुद्धीच्या आणि नीतीच्या कसोटीवर एकदम घासून, शेवटी एक धर्म सोडून दुसरा स्वीकारणं, याहून जवळचं उदाहरण या विषयाला मिळणार नाही.

माईक मागच्या रांगेपर्यंत नीट पोचत नाही, पहिल्या तीन रांगा धरा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप फॉरवर्डनी भरलेला असतो, म्यूट केलात तरी चालेल. सत्राचं वाचन आदल्या शुक्रवारी झेरॉक्स करून दारात मिळतं. रेकॉर्डिंग देत नाहीत. एखादा रविवार बुडणारच असेल तर चौथा बुडवा. तिसरा बुडाला तर पुढच्या बॅचमध्ये तेवढाच तास फुकट बसू देतात, पण नाव आधी नोंदवावं लागतं.