पाण्याचा मीटर (अर्धा इंची मल्टिजेट): दिवाळीपासून वापरून राहिलो, गळती सापडली पण झाकणानं वात आणला

चार स्टार देणार होतो, तीन देतोय, आणि तो एक स्टार फक्त झाकणासाठी कापला. परवा कंपनीच्या नंबरवर फोन लावला तर बाई म्हणे, सर झाकण सुटं मिळत नाही, पूर्ण मीटर घ्यावा लागेल. आता काय बोलावं बाप्पा! पितळेची बॉडी, आयएसआय मार्क, आकडे स्वच्छ दिसतात, आणि त्यावर झाकण असं दिलं की मे महिन्यात बिजागरी कडक होऊन तुटली. दर्यापूरकडचं ऊन म्हणजे पारा ४५ ला टेकते, वरून स्लॅबवर वांदरं, त्यातल्या एकानं ते झाकण तोंडात धरून नेलं ते गेलंच. झाकण नसलं की काच उन्हात तापते, धूळ बसते, आकडा वाचायला ओलं फडकं घेऊन वर जा. आता श्रीखंडाचा रिकामा डबा पालथा घालून वर विटेचा तुकडा ठेवतो. एवढ्या पैशाच्या वस्तूला दोन रुपयाची लोखंडी पिन टाकली असती तर काय बिघडलं असतं?

घेतला कायले ते सांगतो. आमचा भाग खारपाणपट्टा, बोअरचं पाणी तोंडात घेववत नाही, त्यामुळे नळाचं गोडं पाणी आलं की १००० लिटरची टाकी भरायची आणि पुरवायची. ती पुरेनाशी झाली. घरात कुठं थेंब दिसत नाही, फक्त समोरच्या खोलीच्या भिंतीला खालून पोपडे सुटलेले. प्लंबर म्हणे भाऊ किचनची लाइन गेली, ओटा फोडावा लागते. अमरावतीवरून हेडफोन लावून जमिनीतला आवाज ऐकणारा मशीनवाला येते, त्याचा रेट ऐकून मी फोनच ठेवला, तेवढ्यात असे चार मीटर आले असते.

मीटर टाकीच्या आउटलेटला बसवला. काळे आकडे हजार लिटरचे, लाल त्याखालचे, हे सगळ्यांना माहीत आहे, पण खरी कामाची ती मधली बारकी लाल चांदणी. रात्री सगळे नळ बंद करा आणि टॉर्च लावून पाहा, फिरत असेल तर पाणी कुठंतरी चाललंय. आमची पहिल्याच रात्री फिरत होती. आमच्या तीन लाइनी, तिन्हीला वेगळे कॉक, एकेक बंद करत गेलो, संडास-बाथरूमचा बंद केला की चांदणी गप. मग फ्लशच्या टाकीत कपड्याची नीळ टाकली आणि कोणाला जाऊ दिलं नाही, सकाळी भांड्यात निळं पाणी. आतलं वायसर गेलेलं, बदललं, किरकोळ खर्च.

इथपर्यंत मी खुश. त्यानंतर भिंत काही वाळेना आणि चांदणी तर ठार बंद, तेव्हा मी या मीटरला लय शिव्या घातल्या, इथं एक स्टारचा रिव्ह्यू टाकायला बसलो होतो. मग साळीच्या लग्नाला सगळे गेलो, टाकी भरलेली, कॉक चालू, आणि परत आलो तर ओल मागे हटलेली. म्हणजे गळते ते नळाचं नाही, सांडपाण्याचं. ते मीटरला कसं कळणार, ते तर मोरीत पाणी सांडलं तरच गळते. मोरीतल्या नानी ट्रॅपचा, म्हणजे जाळीखालच्या सांडपाण्याच्या भांड्याचा, जोड सुटला होता, भिंतीच्या अगदी बाजूला. तेवढीच फरशी काढली, ओटा वाचला. चांदणी फिरत नाही हेही एक उत्तरच आहे राजेहो.

आईचं गाऱ्हाणं वेगळं, नळाची धार बारीक झाली म्हणते. खरं आहे. टाकी नुसती स्लॅबवर, उंची कमी, त्यात अर्धा इंची मीटर आणि त्याच्या तोंडाशी जाळी. जाळीत गाळ अडकते, धुतली की थोडं बरं वाटते. टाकी उंच नसेल तर पाऊण इंची घ्या. टाकी पूर्ण रिकामी होऊन पुन्हा भरली की लाइनीतल्या हवेनंही काटे पळतात, तो आकडा धरू नका.

पैसे खरे वसूल झाले ते उन्हाळ्यात. गोठ्याकडं जाणारी लाइन जमिनीतून आहे आणि आमची जमीन काळी, पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्यात पाइपाचे जोड ओढले जातात. एका रात्रीत दीडशे-दोनशे लिटरचा फरक दिसायला लागला आणि वर जमीन कोरडी ठणठणीत, कारण पाणी भेगांतून खालीच उतरते. लाइनीच्या बाजूबाजूनं सब्बल ठोकत गेलो, जिथं टोकाला ओला चिखल लागून आला तिथं खोदलं, एल्बो उघडा पडलेला. नवीन टाकला आणि या वेळी पाइपाभोवती मुरूम भरला.

पण थेंब-थेंब गळत असेल तर याच्या भरवशावर राहू नका. माझा मीटर ‘क्लास बी’ म्हणजे अचूकतेच्या बी दर्जाचा आहे, या साइजला ताशी ३० लिटरच्या खाली त्याच्या अचूकतेची हमी नसते आणि अगदी बारीक धारेला चांदणी हलतही नाही. त्याला फुकटचा उपाय म्हणजे रात्री आउटलेटचा कॉक चालू ठेवून टाकीत काठी उभी करा, पाण्याची खूण करा, सकाळी पुन्हा मोजा. हजार लिटरच्या गोल टाकीत एक सेंटिमीटर उतरलं म्हणजे आठ-नऊ लिटर गेले. मग मीटर कायले, असं माझा भाऊही विचारते. नळ आला, टाकी भरली की काठीचा हिशोब मोडते, मीटरचा मोडत नाही, आणि कोणता कॉक बंद केल्यावर गळती थांबली हे तिथंच उभं राहून दिसते, सकाळपर्यंत थांबा नाही.

सासऱ्यांनाही पाहिजे म्हणतात. त्यांच्या घरी टाकीवरून एकच लाइन निघते आणि पुढं सगळीकडं फाटे फुटतात, मध्ये एकही कॉक नाही. त्यांना म्हटलं मामाजी, आधी कॉक टाकून घ्या, मीटरचं नंतर पाहू.