उघडा की बंद: जुना हेडफोन निवडताना

साठ-सत्तरच्या दशकांतला हेडफोन घ्यायचा ठरला की प्रश्न शेवटी एकाच ठिकाणी अडतो: पाठ (कानावरच्या वाटीची बाहेरची बाजू) बंद असलेला घ्यावा की उघडी असलेला? जुन्या बाजारात किंमत वस्तूच्या अवस्थेवर ठरते, त्यामुळे मी त्यात शिरत नाही.

१९५८ मध्ये जॉन कॉस यांनी स्टीरिओ हेडफोन बाजारात आणला, तेव्हा कान पूर्ण झाकणे ही चांगल्या आवाजाची अट मानली जात होती. पुढे काही बंद हेडफोनांच्या गाद्यांत द्रवही भरला जाई, कारण गादी कानाभोवती घट्ट बसली तरच खालचे स्वर टिकतात. १९६८ मध्ये आलेल्या, सेन्हायझर या जर्मन कंपनीच्या एचडी ४१४ या हेडफोनने ही अटच सोडून दिली. त्याची पाठ उघडी होती आणि कानावर फक्त फोमची हलकी चकती टेकत असे. उघड्या पाठीमुळे हेडफोनमधल्या थरथरणाऱ्या पडद्याच्या मागची लहर बाहेर येऊन पुढच्या लहरीला काही अंशी मारते, म्हणून मोजमापाच्या आलेखात त्याचा खालच्या स्वरांचा भाग उतरलेला दिसतो. आलेखच पाहायचा असेल, तर चांगला बंद हेडफोन येथे सहज जिंकतो.

मात्र तो आलेख कृत्रिम कानावर, गादी नीट बसवून काढलेला असतो, आणि मी चष्मा लावतो. चष्म्याची काडी गादीखालून जाते तेथे बारीक फट राहते. कमी कंपनसंख्येच्या लहरींसाठी गादीआडच्या कोंडलेल्या हवेत दाब टिकावा लागतो. फट पडली की तो निसटतो, वरच्या स्वरांना मात्र फारसा धक्का लागत नाही. माझ्याकडे त्या काळातला, रेक्झिनच्या गाद्यांचा एक बंद हेडफोन होता. खंजिरी भजनांच्या जुन्या कॅसेटी त्यावर ऐकताना खंजिरीच्या झांजा लखलखीत येत, पण कणीक लावलेल्या मृदंगाच्या डाव्या पुडीचा घुमार एका कानात भरलेला आणि दुसऱ्यात पोकळ लागे. मान वळवली की तो बाजू बदले. त्यात आमच्या यवतमाळकडच्या मे महिन्यात, पारा ४५ अंशांकडे सरकला की रेक्झिन घामाने निसटते. गादी पुसून पुन्हा बसवली की आवाजाचा तोल वेगळाच झालेला असे. उघड्याच्या बाजूने माझा कौल ठरला तो या एका कटकटीमुळे.

एचडी ४१४ मध्ये तो घुमार मुळातच थोडा कमी आहे, पण तो रोज तेवढाच कमी असतो आणि कान त्याला लवकर सरावतात. शिवाय गाणाऱ्याचा आवाज डोक्याच्या आत कोंडल्यासारखा वाटत नाही; निदान मला तरी तसे जाणवते. उणीव आहे ती कूलरची. तो सुरू असताना उघड्या हेडफोनमध्ये त्याची घरघर थेट आत येते, आणि तेथे बंद हेडफोनच बरा, हे मान्य करावे लागेल.

दुसरी गोष्ट इंपीडन्सची, म्हणजे हेडफोन विजेच्या प्रवाहाला करतो त्या विरोधाची; तो ओहममध्ये मोजतात. एचडी ४१४ चा मूळ नमुना २००० ओहमचा आहे; १ व्होल्ट दिला तर त्यात अवघा अर्धा मिलिवॅट पोहोचतो, तर ३२ ओहमच्या हेडफोनमध्ये तीसहून अधिक. मोबाइलवर त्यामुळे तो दबलेला वाटू शकतो. उलट, जुन्या अँप्लिफायरमध्ये हेडफोनची जोडणी बहुधा स्पीकरच्या मार्गातून रोधकामार्फत (रेझिस्टर) काढलेली असते, आणि तो रोधक कमी ओहमच्या हेडफोनचा सूर बदलतो. २००० ओहमला त्याने जवळजवळ काही फरक पडत नाही. फोम कालांतराने भुगा होतो खरा, पण त्याची चकती बदलणे सोपे आहे. बंद हेडफोनला मूळ खोलीची गादी मिळाली नाही, तर कान आणि पडदा यांतले अंतर बदलून आवाजही बदलतो.

ज्यांना चष्मा नाही आणि ज्यांचे ऐकणे मुख्यतः हिवाळ्यातल्या रात्रींचे आहे, त्यांनी माझा कल बाजूला ठेवून बंद हेडफोनचा विचार जरूर करावा. मात्र पैसे देण्याआधी दोन्ही गाद्या बोटाने दाबून पाहाव्यात, कारण कडक झालेली गादी चष्म्याच्या काडीइतकीच फट ठेवते.